गायकवाड बाईंचं वाक्य

"बाई, त्यांनी तुमचं नाव घेतलं!"

मिसबा दारातच चपला भिरकावून आत आली, तेव्हा कांताबाईंचा खडू फळ्यावर अर्ध्या वाक्यात होता. समाजमंदिराच्या त्या खोलीत पंखा एकच आणि तोही बाईंच्या डोक्यावर, त्यामुळे बाकीची मुलं वह्यांनी वारा घेत बसली होती. ती सगळी एकदम वळली. मिसबा मुलाखतीहून थेट वर्गात आली होती. कंपनीचा 'व्हिजिटर' लिहिलेला बिल्ला अजून तिच्या गळ्यात लटकत होता. तो परत द्यायचा असतो हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

"आधी बस. पाणी पी," कांताबाई म्हणाल्या. "कोणी घेतलं नाव?"

"इंटरव्ह्यू घेणाऱ्यांनी. दोन मुलं होती आणि एक मॅडम. स्वतःबद्दल सांगा म्हणाले. मी सुरू केलं, आय गेट अप ॲट सिक्स, आय हेल्प माय मदर. तेवढ्यात त्यातला एक मुलगाच म्हणाला, ॲट प्रेझेंट आय ॲम सिटिंग बिफोर यू! मी म्हणायच्या आधी! मग मॅडमनी विचारलं, गायकवाड बाई? कसबा पेठ? मी म्हटलं, येस मॅडम. तिघंही हसले. इतके छान हसले बाई, काय सांगू."

वर्गाने टाळ्या वाजवल्या. कांताबाईंनी पदराला हात पुसले, मग चष्मा पुसला. खूप आनंद झाला की त्या काहीतरी पुसत बसत.

"आणि पुढे काय विचारलं?"

"पुढे काही नाही. थँक यू म्हणाले. कळवतो म्हणाले."

"मग विचारायचं उरलंच काय!" मागून कोणीतरी म्हणालं आणि वर्ग पुन्हा हसला.

कांताबाईंनी फळ्याकडे तोंड केलं आणि राहिलेलं वाक्य पूर्ण केलं. धडा चालू होता तो त्यांच्या सगळ्यात आवडीचा. रोज घडतं ते साधं, डोळ्यांसमोर चाललंय ते चालू. मिसबाचे वडील पुस्तकं शिवतात, हा साधा वर्तमानकाळ. आत्ता या क्षणी दुकानात बसून शिवतायत, हा चालू. आणि जे डोळ्यांना दिसत नाही ते चालू होत नाही. कळणं, आवडणं, आपलं असणं ही काही दिसणारी कामं नव्हेत. त्यांना कधीही आयएनजी लावायचा नाही. "आय ॲम नोइंग म्हणणाऱ्याला काही येत नाही असं समजावं," हे त्या प्रत्येक बॅचला सांगत आणि प्रत्येक बॅच ते वहीत उतरवून घेई.

कांताबाई महापालिकेच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्या होत्या. त्यांचे वडील खडकीच्या कारखान्यात हमाली कामावर लागले आणि तिथेच संपले. वडिलांना इंग्रजीतली दोनच वाक्यं येत, त्यातलं एक 'येस सर'. मुलीला मात्र त्यांनी मारून मुटकून मॅट्रिकपर्यंत नेलं. बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून कंदिलाच्या उजेडात पाठ केलेलं व्याकरण कांताबाईंना पुढे कधी उघडून बघावं लागलं नाही. त्यांच्या अंगातच ते मुरलं होतं. चुकलेलं वाक्य कानावर पडलं की त्यांची उजवी भुवई आपोआप वर जाई. जेवताना जाई, लग्नात जाई, एकदा तर सिव्हिल सर्जनसमोर गेली होती.

आणि ते वाक्य. तेही त्यांनीच घडवलेलं होतं. लक्ष्मी रोडवरच्या एका नव्या शोरूममध्ये त्यांच्या एका विद्यार्थ्याला मुलाखतीला जायचं होतं आणि पोरगं भीतीने थरथरत होतं. बाईंनी त्याला तीनच वाक्यं दिली. पहिल्या दोनांत साधा वर्तमानकाळ, तिसऱ्यात चालू. विचारणाऱ्याला दोन्ही काळ येतात हे पहिल्या झटक्यात कळावं, हा हेतू. शोरूमचे मालक खूश झाले, पोरगं लागलं. तेव्हापासून वाक्य चालत आलं. कुरियरमध्ये चाललं, विम्यात चाललं, मोबाइलच्या दुकानात चाललं. पेठेत ज्यांनी बाईंचा वर्ग कधी पाहिला नव्हता, त्यांच्या मावसभावांनाही ते पाठ होतं.

आता दिवस बदलले होते. शहराच्या कडेला काचेच्या इमारती उठल्या होत्या, त्यात बसून पुण्याची पोरं अमेरिकेतल्या लोकांशी फोनवर बोलत होती आणि रात्रभर जागून सकाळी घरी येत होती. कांताबाईंचा मुलगा धम्मदीप त्यातल्याच एका कंपनीत होता, नव्या भरतीला शिकवणाऱ्यांत. मिसबा गेली होती ती त्याच कंपनीत. बाईंनी त्याला मुद्दाम सांगितलं नव्हतं. पोरीने आपल्या अंगच्या गुणांवर लागावं असं त्यांना वाटत होतं, कारण मिसबासारखी मुलगी त्यांच्या हाताखालून गेली नव्हती. तिला सगळे नियम येत होते. रात्री कधीही उठवा, ती बरोबर सांगेल. मिसबाला नोकरी मिळाली नाही तर या खडूचा उपयोग काय, असं त्या एकदा घरात बोलूनही गेल्या होत्या.

त्या संध्याकाळी घरी येऊन त्यांनी बाबुरावांना सगळं सांगितलं. बाबुराव पीएमटीत कंडक्टर होते. निवृत्त झाल्यापासून त्यांच्या बोलण्यातलं तिकीट संपलं होतं, पण सुट्टे शब्द अजून खिशात होते.

"म्हणजे तुझं नाव काचेच्या इमारतीत पोचलं," ते म्हणाले. "आता पासपोर्ट काढून ठेव."

"चेष्टा करा. पण ओळखतात की नाही?"

"ओळखतात खरं," बाबुराव म्हणाले आणि पेपरात तोंड घालून बसले.

त्याच आठवड्यात मिसबाच्या वडिलांच्या, अय्युबभाईंच्या बाइंडिंगच्या दुकानात फोन आला. मिसबाची निवड झाली नव्हती. महिन्याने पुन्हा येता येईल, पण त्यानंतर कंपनी परत बोलावत नाही, असंही सांगितलं. मिसबा वर्गात येऊन तिच्या नेहमीच्या जागेवर बसली आणि तिने वही उघडली. "बाई, कुठे चुकलं?" एवढंच तिने विचारलं. कांताबाईंनी तिच्याकडून वाक्य पुन्हा म्हणून घेतलं. कानामात्रेची चूक नव्हती.

रविवारी धम्मदीप जेवायला आला. तो दोन मित्रांबरोबर कर्वेनगरला भाड्याने राहत होता. कंपनीची गाडी तिथून सोयीची पडते, असं त्याचं म्हणणं होतं. फोनवर तो डॅनियल होता आणि गळ्यातल्या बिल्ल्यावर नुसता 'दीप'. तिथे आडनावं कोणी लावत नाही, असंही त्याने एकदा सांगितलं होतं. कांताबाईंनी त्याच्या ताटात रस्सा वाढला आणि त्याचा पहिला घास होऊ दिला.

"तुमच्या कंपनीत माझं नाव आहे म्हणे."

धम्मदीपचा हात ताटातच थांबला. "कोण म्हणालं?"

"मिसबा. अय्युबभाईंची. तिच्या इंटरव्ह्यूत मॅडमनी विचारलं, गायकवाड बाई का. तिघंही हसले म्हणे. आणि मग नको म्हणून फोन आला. नाव घेतात, हसतात आणि घेत नाहीत. हे कसं काय?"

"पुण्यात नाव घेऊन कोणी हसलं तर त्याचा अर्थ काय होतो," बाबुराव भाकरी मोडत म्हणाले, "हे कळायला आपण काय काल राहायला आलोय का इथे?"

"तुम्ही गप्प बसा. तू सांग रे."

धम्मदीपने पाणी पिऊन ग्लास खाली ठेवला. मग तो ताटाकडे बघूनच बोलला.

"आई, आठवड्याला दोन-तीन तरी येतात तिथे. सगळे सहाला उठतात. सगळे आईला मदत करतात. आणि सगळे ॲट प्रेझेंट समोर बसलेले असतात. आज किती सिटिंग आले, असं विचारतात लंचला. कोणी गेट अप म्हणालं की पॅनेलवाले पुढचं कोरसमध्ये म्हणतात. एकजण म्हणाला, आय हेल्प माय मदर. नंतर बोलण्यात निघालं, त्याची आई तो लहान असतानाच गेलेली."

"वैजनाथ," कांताबाई म्हणाल्या.

"नाव नाही आठवत मला."

"वैजनाथच. तो आला होता मला विचारायला. बाई, आई नाही मला, तिथे वडील म्हणू का? मी सांगितलं, वाक्य मोडू नकोस."

बाबुरावांनी हातातली भाकरी ताटात ठेवली.

"वाक्य चुकीचं आहे का?" कांताबाईंनी विचारलं.

"नाही गं. वाक्य शंभर टक्के बरोबर आहे. पण तिथे बरोबर वाक्य नको असतं त्यांना. समोरचा माणूस बोलतो का, हे बघतात. चुकला तरी चालतो."

"चुकला तरी चालतो," कांताबाईंनी म्हणून बघितलं. "आणि तू? तूपण हसतोस?"

"सगळे हसतात आई. मी एकटाच गप्प बसलो तर विचारतील, हा का गप्प."

"म्हणजे मी तुझी आई, हे…"

"नाही माहीत."

"जेवू दे त्याला," बाबुराव म्हणाले. कांताबाईंनी उठून पातेलं आणलं आणि धम्मदीपच्या ताटात आणखी एक फोड वाढली. त्याने नको म्हटलं नाही. त्यांना फार लागलं होतं, पण मुलापेक्षा वैजनाथच जास्त डोळ्यांपुढे येत होता. तो पोरगा त्या खोलीत बसून नसलेल्या आईला मदत करत होता आणि माणसं हसत होती.

दुसऱ्या दिवशी वर्गात गेल्या गेल्या त्यांनी फळा पुसून टाकला. खडू हातात घेतला नाही.

"आजपासून ते वाक्य बंद," त्यांनी जाहीर केलं. "ज्याला जे वाटेल ते इंग्रजीत बोला."

कोणी वहीची पानं चाळली, कोणी पेनाचं टोपण चावलं. शेवटी पुढच्या बाकावरच्या मुलाने हात वर केला.

"बाई, काय वाटायला पाहिजे?"

"काहीही. घरातलं सांग. भांडण सांग."

मुलगा उभा राहिला. "आय ॲम…" म्हणून त्याने बाईंकडे पाहिलं. मग "आय…" म्हणून पुन्हा पाहिलं. आणि बसला. दुसरी उठली, तिचंही तेच झालं. कांताबाईंना हळूहळू उमगलं की ही सगळी त्यांच्या भुवईकडे बघतायत. ती वर जाणार नाही इतपतच वाक्य मुलं बाहेर काढत होती आणि तशी खात्रीची वाक्यं त्यांच्याजवळ तीनच होती. भुवई धरून ठेवायचा बाईंनी प्रयत्न केला. मिसबा तर उठलीसुद्धा नाही.

"बाई, दुसरं वाक्य द्या ना," ती तास संपल्यावर म्हणाली. "तुम्ही दिलं की मी एका दिवसात पाठ करते."

कांताबाई तिथून थेट अय्युबभाईंच्या दुकानात गेल्या. इंजिनिअरिंगच्या पोरांचे प्रोजेक्ट सादर करायचे दिवस होते. काळ्या रेक्झिनच्या थप्प्या दुकानाच्या पायरीपर्यंत आल्या होत्या आणि अय्युबभाई खळ लागलेले हात कोपरापर्यंत वर धरून बसले होते.

"या बाई, या. स्टूल घ्या. मिसबाने काही केलं का?"

"मिसबाने काही नाही केलं. मी केलं." कांताबाई उभ्याच राहिल्या. "अय्युबभाई, माझ्यामुळे तिला नोकरी मिळाली नाही. मी जे पाठ करून घेते त्याला तिथे हसतात. ते तोंडातून निघालं की पोरगं बाद. तिला माझ्याकडून काढा. कर्वेनगरला एक वर्ग आहे, तिथे मुलं आपापसांत बोलतात म्हणे. तिथे घाला."

अय्युबभाईंना पहिल्यांदा हे कळलंच नाही. मग त्यांना वाटलं, बाई कशावरून तरी रागावल्यात.

"बाई, काय कमीजास्त बोललो असेन तर—"

"रागावले नाहीये हो. खरं सांगतेय. सोपं नाहीये मला सांगणं."

अय्युबभाईंनी चिंधीला हात पुसले. एवढ्या वर्षांत बाईंना असं बोलताना त्यांनी ऐकलं नव्हतं.

"आता महिना राहिला," ते म्हणाले. "नव्या ठिकाणी नाव घालायचं, ते काय सांगतात ते समजायचं, त्यातच संपेल तो. तुमचा धम्मदीप तिथेच आहे ना? त्याला आतलं सगळं ठाऊक असणार. त्याला सांगा की."

हे कांताबाईंच्या मनात आलं नव्हतं असं नाही. रविवारपासून ते मनातच होतं आणि त्या तो विचार बाजूला सारत होत्या. ज्याने वर्षभर आपलं नाव झाकून ठेवलं, त्याच्याकडे आपल्याच वर्गात येऊन शिकव म्हणून मागणं करायचं, हे त्यांना जड जात होतं. पण दुकानातून बाहेर पडून त्या कोपऱ्यावरच्या पीसीओत शिरल्या.

"आई, वशिला नाही चालत तिथे," धम्मदीप म्हणाला.

"वशिला मागत नाहीये. मला बोलायला शिकवता येत नाही. तू ये आणि बोल तिच्याशी."

मग तो म्हणाला, "येतो."

तो रविवारी आला, पुढच्या रविवारीही आला. समाजमंदिराच्या खोलीत तो टेबलावर मांडी घालून बसला, खुर्चीत नाही. मिसबाला त्याने समोर बसवलं. कांताबाई अगदी मागच्या बाकावर, मिसबाच्या पाठीमागे जाऊन बसल्या. त्यांचा चेहरा तिला दिसू नये म्हणून ही जागा त्यांनीच निवडली होती.

धम्मदीपने इंग्रजीत काहीतरी विचारलं. तो भरभर बोलत होता आणि शब्द वाटेत गिळत होता. त्यातले काही कांताबाईंना कळलेच नाहीत. मिसबाने तोंड उघडलं. "आय गेट—"

धम्मदीपने तळहात वर केला. मग तो हळू बोलला. काल घरात कोणाचं कोणाशी वाजलं, एवढंच त्याला हवं होतं.

मिसबाने सवयीने मान फिरवली, पण बाई समोर नव्हत्या. ती थोडी चुळबुळली आणि मग तिने सुरू केलं. "माय फादर इज नॉट नोइंग हाउ टू यूज मोबाइल. ही इज शाउटिंग इन इट."

कांताबाईंचा हात बाकावरून उचलला गेला. इज नॉट नोइंग! तीस वर्षं त्यांनी हे शेकडो वह्यांत लाल शाईने खोडलं होतं. धम्मदीपकडे त्यांनी पाहिलं, तो आता थांबवेल म्हणून. त्याने थांबवलं नाही. "मग पुढे?" म्हणून तो हसला. कांताबाईंनी हात खाली घेतला आणि बाकाची कड धरली.

मिसबा बोलत गेली. अब्बा फोनवर ओरडतात, गल्लीतले लोक भांडण झालं म्हणून धावत येतात, अम्मी फोन काढून घेऊन डब्यात ठेवते, मग डबा वाजतो. सांगता सांगता तीच खदखदून हसली. काळांची पार वाट लागली होती. साधा कुठे संपतो आणि चालू कुठे सुरू होतो, ते शोधून सापडलं नसतं. पण कांताबाईंना तो डबा दिसला. दोन वर्षं ही मुलगी त्यांच्यासमोर बसली होती आणि ती एवढी गमतीदार आहे हे त्यांना आज कळत होतं.

आणि धम्मदीप चांगला शिकवत होता. कुठे थांबायचं, कुठे नुसतं हं म्हणायचं, हे त्याला येत होतं. कांताबाईंना वाईट वाटलं आणि अभिमानही वाटला. जाताना त्यांनी त्याला एवढंच म्हटलं, "छान शिकवतोस." तो बुटाची नाडी बांधत होता. त्याने मान वर केली नाही, "तुझंच आहे," असं काहीतरी पुटपुटला.

मिसबा निवडली गेली. अय्युबभाई मिठाईचा पुडा घेऊन स्वतः आले, पाच मिनिटं बसले आणि गिऱ्हाईक खोळंबलंय म्हणून निघून गेले. मिसबा मागे राहिली. तिला सगळं पहिल्यापासून सांगायचं होतं. तीच मॅडम होती, तिने ओळखलं, पण काही म्हणाली नाही. पाऊण तास गप्पाच मारल्या. एकदा तर मॅडमच्या तोंडून चूक झाली आणि मिसबाने ती सोडून दिली.

"हे चांगलं केलंस," बाबुराव म्हणाले. "नाहीतर मॅडमची नोकरी गेली असती."

"आणि बाई, मी धम्मदीप सरांचं नाव अजिबात घेतलं नाही आत. पण आता लागले ना मी! आता सांगते सगळ्यांना. माझ्या बाईंचा मुलगा आहे म्हणून."

कांताबाई मिठाई ताटलीत काढून ठेवत होत्या. "नको सांगूस," त्या म्हणाल्या.

"का?"

"वशिल्याने लागली म्हणतील."

"पण मी तर—"

"तू तुझ्या गुणांवर लागलीस. ते मला माहीत आहे, तुला माहीत आहे. लोकांना नसतं माहीत. नवीन जागा आहे, कशाला तोंडं उघडायला लावायची? शपथ नको, पण लक्षात ठेव."

मिसबाने मान हलवली. बाबुरावांनी पेपरावरून बायकोकडे पाहिलं. त्यांच्या ओठांवर काहीतरी आलं होतं, ते त्यांनी चहाबरोबर गिळलं.

त्यानंतर मुलाखतीची बॅच कांताबाईंनी बंद केली. येईल त्याला त्या सरळ सांगत, मला येत नाही ते. पाचवी ते सातवीच्या मुलांना मात्र त्या पूर्वीसारखंच व्याकरण शिकवत राहिल्या, कारण ते त्यांना येत होतं आणि परीक्षेत लागत होतं. वैजनाथचा पत्ता काढून त्या एकदा त्याच्या घरीही जाऊन आल्या. तो मार्केट यार्डात एका गाळ्यावर लागला होता. भेटला नाही, कामावर होता. धम्मदीप रविवारी येतच होता.

एका दुपारी उशिरा कांताबाई गिरणीतून दळण घेऊन येत होत्या. वळणाशी मिसबाच्या कंपनीची पांढरी सुमो गल्लीत तोंड घालून अडकली होती. नेहमीचा ड्रायव्हर रस्त्यावरच थांबून हॉर्न द्यायचा आणि मिसबा चालत जायची. हा नवीन होता, थेट आत शिरला होता. आता पुढे हातगाडी, मागे स्कूटरी आणि आरशात नुसत्या भिंती.

"मावशी, जरा मागचं बघता का?"

कांताबाईंनी डबा एका ओट्यावर ठेवला आणि त्या गाडीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. एक स्कूटर त्यांनी स्वतःच ओढून बाजूला केली.

"बाई!" मिसबा मागच्या खिडकीतून ओरडली. ती आत्ताच चढली होती. गाडीतली सगळी पोरं वळून बघायला लागली. गळ्यात बिल्ले, मांडीवर बॅगा. मधल्या सीटवर काचेशी धम्मदीप बसला होता. कानातल्या वायरी त्याने काढून हातात घेतल्या होत्या. त्याच्या शेजारच्या मुलीने हसत मिसबाला काहीतरी विचारलं. मिसबाने एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा धम्मदीपकडे, आणि ती गप्प झाली.

धम्मदीपचा हात काच खाली करायच्या दांडीवर गेला. काच चार बोटं खाली आली. तो आता हाक मारणार हे कांताबाईंना दिसलं. त्या हाकेने त्याला पुढे किती दिवस काय ऐकावं लागेल, हेही दिसलं. त्यांनी त्याच्याकडे गाडीतल्या इतर कोणाकडे बघावं तसं पाहिलं आणि नजर चाकावर नेली.

"डावीकडे काढा," त्या ड्रायव्हरला म्हणाल्या. "गटाराचं झाकण आहे, सांभाळून."

काच तिथेच थांबली. गाडी कुरकुरत मागे सरकली. कांताबाई हात हलवत एकेक पाऊल मागे जात राहिल्या.

"बस का मावशी?"

"येऊ द्या," त्या म्हणाल्या. "अजून जागा आहे."